वारशात आलेली जुनी लष्करी रायफल: अस्सल किती, मोलाची किती

ठाणे-पनवेलच्या पट्ट्यात जुनी लष्करी रायफल घरात येते ती बहुतेक वेळा वारशाने. मुरबाड-शहापूरकडे शेतीसंरक्षणासाठी घेतलेली, फौजेतून निवृत्त झालेल्या काकांची, नाहीतर १९७२च्या वन्यजीव कायद्याआधीच्या शिकारीच्या दिवसांतली. परदेशात अशा रायफली 'सरप्लस' म्हणून दुकानांत मांडलेल्या असतात आणि त्यांचे भाव इंटरनेटवर लगेच सापडतात. ते डॉलर रुपयांत बदलून आपल्या कपाटातल्या रायफलीला लावायचे, इथूनच गणित चुकायला लागतं. आपल्याकडे अस्सलपणाचा हिशोब वेगळा आणि विक्रीच्या किमतीचा वेगळा. पहिला शिक्क्यांवरून आणि नंबरांवरून लागतो, दुसरा परवान्यावरून. दोन्ही हिशोब नीट लागावेत म्हणून पाहणी कोणत्या क्रमाने करायची, ते पुढे दिलं आहे. भर ब्रिटिश फौजेच्या ली-एनफील्ड घराण्यावर आहे, कारण इथे सापडणाऱ्या लष्करी रायफली बहुतांशी त्याच घराण्यातल्या असतात.

आधी परवाना उघडा, मग कव्हर

शस्त्र नियमांत .३०३ किंवा ७.६२ मिमीचं लष्करी काडतूस झाडू शकणारी बोल्ट-ॲक्शन (मुठीने बोल्ट मागेपुढे सरकवून भरायची) रायफल 'प्रतिबंधित बोअर' या वर्गात मोडते (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास). .४१० बोअरचं मस्केटही त्याच वर्गात. अशा शस्त्राचा परवाना केंद्राच्या अखत्यारीतला आहे आणि तो सहजी कुणाला मिळत नाही. .३१५, .३०-०६ आणि .२२ या बोअरच्या रायफली प्रतिबंधित नाहीत. त्यांचे परवाने स्थानिक पातळीवर होतात: ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडीसाठी ठाणे पोलीस आयुक्तालय, वाशी, बेलापूर, पनवेल, उरणसाठी नवी मुंबई पोलीस आयुक्तालय, मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी.

परवान्यावर चार गोष्टी वाचा: बोअर, शस्त्राचा नंबर, मुदत आणि यूआयएन, म्हणजे परवान्याचा राष्ट्रीय ओळख क्रमांक. बोअर आणि नंबर रायफलीवर प्रत्यक्ष कोरलेल्या मजकुराशी अक्षरन् अक्षर जुळायला हवेत. जुन्या परवान्यांत कारकुनाने नंबराच्या आधीचं इंग्रजी अक्षर गाळलेलं असतं, किंवा ३ चा ८ झालेला असतो. ही दुरुस्ती विक्रीच्या वेळी करू म्हटलं तर व्यवहार अडकतो, म्हणून आधीच अर्ज करून घ्यावी. परवान्यावर .३१५ आणि नळीवर .३०३ असा प्रकार दिसला तर पुढची पाहणी थांबवा. रायफल परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे न्या आणि त्याच्याकडून लेखी मत घ्या. तो प्रश्न संग्राहकाच्या हातचा नाही.

मूळ परवानाधारक वारले असतील तर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाच्या नावे परवाना झाल्यावर ते परत मिळतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेल्या बंदुकीलाही हीच मर्यादा आहे. आधीच दोन शस्त्रं असलेल्या घरात तिसरी रायफल आली की विकण्याची घाई होते. घाईची विक्री नेहमी पडत्या भावात जाते, आणि घेणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

'शंभर वर्षांपूर्वीची आहे, तिला परवाना कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. वय झालं म्हणून सूट मिळत नाही. कायद्याने वगळलेलं शस्त्र म्हणजे जुन्या घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं, आणि शिवाय दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं. चालू स्थितीतली १९१५ची रायफल या व्याख्येत बसत नाही. उलट शंभरी ओलांडलेल्या वस्तूला १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू परदेशी पाठवता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याकडे पाठवून तिथे विकण्याचा बेत म्हणूनच सोडून द्यावा.

पाहणीची तयारी

परवानाधारक समोर हवा. रायफल मित्राकडे दाखवायला नेणं, लोकलमधून कव्हरमध्ये घालून ठाण्याहून मुंबईला नेणं, असले उद्योग टाळा. तज्ज्ञाला रायफलीकडे बोलवा, किंवा विक्रेत्याच्या दुकानात परवान्यासह भेटा.

नळी सुरक्षित दिशेला ठेवा, मॅगझीन काढा, बोल्ट पूर्ण मागे ओढा. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, नजर टाका आणि करंगळीही घाला. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या रायफलीत काडतूस राहून गेलेलं असू शकतं. मग बोल्ट बाहेर काढून वेगळ्या कापडावर ठेवा.

साहित्य फार लागत नाही: छोटा प्रखर टॉर्च, दहापट भिंग, व्हर्नियर कॅलिपर, सुती चिंध्या, पातळ मशीन ऑइल, मोबाइलचा कॅमेरा आणि वही. ब्रासो, पॉलिश पेपर, रस्ट रिमूव्हर हे खोलीतही आणू नका. साफसूफ करून मग दाखवू या विचारानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

कोणती रायफल आहे ते ओळखणं

दस्ता जिथे रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी गाभ्याला) भेटतो, तिथे लोखंडी सॉकेट असतं. त्याच्या उजव्या बाजूला राजमुकुट, राजाची आद्याक्षरं, कारखाना, साल आणि मार्क अशी खालोखाल रांग असते. रायफलीची जन्मकुंडली इथेच आहे.

१९०७ साली आलेली शॉर्ट ली-एनफील्ड मार्क ३ आणि १९१६पासूनची मार्क ३ स्टार या दोघींना लोक सरसकट 'थ्री-नॉट-थ्री' म्हणतात. दोघींचं तोंड बोथट, म्हणजे नोजकॅप (पुढच्या टोकाची लोखंडी टोपी) आणि नळीचं टोक जवळजवळ एका पातळीत. मार्क ३ला मॅगझीन बंद करणारी कट-ऑफची पट्टी, डाव्या अंगाला लांब पल्ल्याच्या व्हॉली साइटची तबकडी आणि मागच्या साइटला आडवं सरकवायचा स्क्रू असे. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायचं म्हणून स्टारमध्ये हे सगळं गाळलं. मार्क ३वर व्हॉली साइट शाबूत असेल तर ती मोठी गोष्ट, कारण पुढच्या दुरुस्त्यांत ती बहुधा काढून टाकली जाई. पण स्टारचा शिक्का आणि नवी कोरी व्हॉली साइट एकत्र दिसली, तर ती कुणीतरी नंतर चढवलेली असण्याची शक्यता जास्त.

दुसऱ्या महायुद्धातली 'नंबर ४' नावाची ली-एनफील्ड लगेच ओळखू येते: तिची नळी लाकडाच्या पुढे बोटभर बाहेर डोकावते आणि मागची साइट रिसीव्हरच्या मागच्या टोकावर असते.

पश्चिम बंगालमधला इशापूरचा रायफल कारखाना १९०४चा. स्वातंत्र्याआधीच्या इशापूर रायफलींवर मुकुटाखाली 'जीआरआय' ही अक्षरं येतात, त्यातला शेवटचा आय 'सम्राट' या अर्थाचा. पुढच्या रायफलींवर 'आरएफआय' (रायफल फॅक्टरी इशापूर) आणि सिंहमुद्रा. सिंहमुद्रा राष्ट्रचिन्ह झाली २६ जानेवारी १९५०ला. त्याआधीच्या सालाशेजारी ती दिसली तर दोनच शक्यता: नंतरच्या दुरुस्तीत मारलेली, किंवा बनावट. दुरुस्तीत मारलेली असेल तर दुरुस्तीच्या इतर खुणाही आसपास सापडतात.

१९६२च्या युद्धानंतर इशापूरने याच ठेवणीची ७.६२ मिमीची रायफल काढली, २ए आणि नंतर २ए१. ही जुन्या .३०३ची नळी बदलून केलेली आहे असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे, ही नव्याने घडवलेली रायफल. मॅगझीन जास्त चौकोनी दिसतं. २ए१च्या मागच्या साइटवरचे आकडे ८००पर्यंतच जातात, २एवर मात्र जुनी २०००ची पट्टी. ही सरळसरळ प्रतिबंधित बोअर आहे.

सामान्य परवानाधारकाकडे जी दिसते ती .३१५ स्पोर्टिंग. ब्रिटिशांनी लष्करी काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये म्हणून .३०३ बंद केलं. त्याची जागा ८ मिमीच्या, ५० मिमी लांब पुंगळीच्या काडतुसाने घेतली; .३०३ची पुंगळी ५६ मिमी. इशापूरने आपल्याच लष्करी ॲक्शनवर ही शिकारी रायफल बांधली. म्हणजे लष्करी रायफलीचं लाकूड कापून ती तयार केली असं धरून चालू नका. कारखान्यातूनच तशी निघाली असेल तर ती तिच्या परीने पूर्ण अस्सल आहे.

नंबर: इथे वेळ द्या

ली-एनफील्डवर एकच नंबर अनेक भागांवर मारलेला असे, कारण बोल्ट, साइट आणि लाकूड त्या त्या रायफलीला घासून बसवलेलं असायचं. शॉर्ट ली-एनफील्डवर तो शोधायच्या जागा: रिसीव्हरच्या पुढच्या कड्यावर उजवीकडे, नळीच्या मुळाशी, बोल्टच्या मुठीच्या मागच्या सपाट भागावर, मागच्या साइटच्या पट्टीच्या खालच्या अंगाला, नोजकॅपवर, आणि पुढच्या लाकडाच्या टोकाशी खालून. ब्रिटिश नंबर ४वर मुख्य नंबर सॉकेटच्या डाव्या बाजूला असतो. प्रत्येक जागेचा फोटो तिरप्या उजेडात घ्या. टॉर्च समोरून धरला तर झिजलेला आकडा दिसत नाही, बाजूने धरला की सावलीत उठून येतो.

सगळे नंबर जुळले तर उत्तम. एखादा नाही जुळला तर तो कोणत्या भागावरचा, ते महत्त्वाचं. पुढचं लाकूड बदललेलं असणं नेहमीचंच, त्याने थोडंच मोल कमी होतं. बोल्ट मात्र वेगळा असेल तर दोन नुकसानं एकदम: संग्राहकाच्या लेखी रायफल खाली येते, आणि हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि पुंगळीची कड टेकते ती जागा यांतलं अंतर) तपासल्याशिवाय ती चालवणं धोक्याचं ठरतं. .३०३साठी लष्करी मर्यादा .०६४ ते .०७४ इंच आहे. त्यापलीकडे जागा राहिली तर पुंगळी बुडाजवळ फाटते आणि गरम वायू चेहऱ्याच्या दिशेने येतात. ही तपासणी गेज असलेल्या शस्त्र-कारागिराकडूनच करून घ्यावी. शंका असताना 'एक राउंड मारून बघू' हा मार्ग नको.

आता जुळवलेले नंबर. जुना आकडा घासून त्या जागी नवा ठोकलेला असला की तीन खुणा राहतात. मुठीचा तो भाग आजूबाजूपेक्षा किंचित खोलगट किंवा जास्त सपाट होतो. आकड्यांचं वळण रिसीव्हरवरच्या आकड्यांपेक्षा निराळं असतं, विशेषतः ४ची शेंडी आणि ७चा पाय. आणि आकड्याच्या खोबणीत जुना काळा थर नसतो, चकाकतं लोखंड दिसतं. याउलट लष्करी कारखान्याने नंबर बदलला की जुन्यावर रेघ मारून शेजारी नवा मारलेला असायचा. लपवाछपवी नाही, म्हणून ते प्रामाणिक काम धरलं जातं.

'एफटीआर' ही अक्षरं आणि सोबत साल दिसलं तर रायफल कारखान्यात पूर्ण उकलून नव्याने बांधली गेली आहे. तिची नळी, लाकूड, फिनिश सगळं नंतरचं असू शकतं. ती बनावट ठरत नाही. फक्त 'पहिल्या महायुद्धातली जशीच्या तशी' असं म्हणून विकता येणार नाही. नळीच्या मुळाशी नळीचं साल दोन आकड्यांत असतं, त्यावरून ताडून पाहता येतं: रिसीव्हरपेक्षा काही महिने आधीची नळी स्वाभाविक, बरीच वर्षं नंतरची म्हणजे बदललेली.

एक कडक इशारा. शस्त्र कायद्याच्या कलम ८प्रमाणे बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह पुसणं, बदलणं, खोटं मारणं हा गुन्हा आहे. नंबर खोडलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल, त्यानेच तो खोडला असं उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरलं जातं. 'पुसट झालाय, जरा ठळक करून देतो' म्हणणाऱ्या कारागिराला हात लावू देऊ नका. आणि घासलेल्या नंबराची रायफल कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

शिक्के वाचताना

ब्रिटिश मालकीची खूण म्हणजे बाणाचं टोक. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर रायफल सरकारी सेवेतून विकून बाहेर काढली, असा अर्थ. विलायतेत नागरी बाजारात आलेल्या .३०३वर बर्मिंगहॅमच्या तपासणीचे शिक्के असतात, त्यात '१८.५ टन' हा दाबाचा आकडा येतो. 'डीपी' म्हणजे फक्त कवायतीसाठी. अशी रायफल झिजल्यामुळे किंवा सदोष असल्यामुळे बाजूला काढलेली असते. ती कधीही झाडू नये, आणि तिची किंमत शोभेच्या वस्तूइतकीच धरावी. पुढच्या लाकडाला तांब्याच्या किंवा लोखंडी तारेचे घट्ट वेढे दिसले तर ती ग्रेनेड फेकण्यासाठी केलेली लष्करी तजवीज आहे. कुणी गावठी दुरुस्ती केली असं समजून ती तार सोडू नका. तिच्यामुळेच त्या रायफलीला वेगळी मागणी असते. रिसीव्हरच्या खाली पुढच्या लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू ही इशापूरची मजबुतीची पद्धत, तोही अस्सलच.

खैबरकडच्या हातघडणीच्या नकला जुन्या फौजी घरांत अधूनमधून निघतात. त्या पकडायची सोपी युक्ती म्हणजे राजा आणि साल यांचा मेळ. व्हिक्टोरिया राणी जानेवारी १९०१मध्ये वारली. 'व्हीआर'खाली १९०७ किंवा १९१९ असेल तर शिक्का खोटा. एडवर्डचं 'ईआर' १९०१ ते १९१०, त्यानंतर 'जीआर'. नकलांत इंग्रजी एन उलटा पडतो, एनफील्डच्या स्पेलिंगमधलं एखादं अक्षर गळतं, ओळ वाकडी जाते. कारखान्याचा शिक्का एका ठशाने एका ठोक्यात उमटतो, त्याची खोली सारखी असते. हातघडणीत प्रत्येक अक्षर स्वतंत्र छिन्नीने खोदलेलं दिसतं. अशी रायफल काडतूस घालून कधीही वापरू नये, तिचं पोलाद काय दर्जाचं आहे याचा भरवसा नाही. कुतूहलाची वस्तू म्हणून मात्र तिला गिऱ्हाईक असतं.

'जंगल कार्बाइन' म्हणून मिरवणारी नंबर ५ तर नकलांचं माहेरघर. खरी १९४४ ते १९४७च्या दरम्यानची. वजन कमी करायला तिच्या रिसीव्हरवर आणि नळीच्या मुळाशी धातू कोरून काढलेला असतो, आणि बोल्टची मूठ पोकळ असते. नंबर ४ची नळी तोडून पुढे फनेलसारखं फ्लॅश हायडर (ज्वाळा झाकणारं तोंड) लावलं की लांबून तशीच दिसते, पण हे कोरीवकाम कुणी करत बसत नाही. परदेशात तर आपल्या २ए१ वरूनही असे तुकडे बनवून विकले गेले. लाकूड उतरवून नळीचं मूळ बघितलं की दोन मिनिटांत निकाल लागतो. शिवाय आपल्याकडे विनापरवाना नळी आखूड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

चोर बाजारातून आणलेल्या 'टॉवर' लिहिलेल्या ठासणीच्या बंदुकांबद्दल थोडक्यात: बहुतेक शोभेच्या, अलीकडच्या. लॉकप्लेटवरचा मजकूर उथळ आणि ॲसिडने खाल्ल्यासारखा, लाकूड काळं रंगवलेलं, स्क्रू मशीनचे. ईस्ट इंडिया कंपनीचा उभा सिंह आणि शेजारी १८५८नंतरचं साल असेल तर विचार करायलाही थांबू नका, कंपनीचा कारभारच त्या वर्षी संपला.

लाकूड

मूळ लाकडावर अळशीचं तेल मुरवलेलं असतं. रंग खोल, चमक जवळजवळ नाही. आपल्याकडचा सुतार प्रेमाने पॉलिश पेपर मारतो आणि वर मेलामाइन चढवतो. रायफल शोकेसमधल्या खुर्चीसारखी चकाकते आणि किंमत तिथल्या तिथे पडते. ओळखायचं कसं? मूळ लाकूड धातूच्या कडेपेक्षा किंचित उंच असतं. घासलेलं लाकूड धातूच्या खाली जातं, बटप्लेटची (दस्त्याच्या मागच्या टोकाच्या धातूच्या पट्टीची) कड बोटाला टोचते आणि दस्त्यावरचे शिक्के पुसट होतात. डाग, ओरखडे, जुन्या पलटणीचे आकडे यांना मोल आहे. ते काढू नका.

भेगा बघायच्या त्या पुढच्या लाकडाच्या मागच्या टोकाला आणि दस्त्याच्या मनगटाजवळ, म्हणजे हातात धरायच्या बारीक भागाजवळ. आता एक खास सापळा: शॉर्ट ली-एनफील्डचा दस्ता काढायचा असेल तर पुढचं लाकूड आधी उतरवावंच लागतं. दस्त्याच्या आतल्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. लाकूड जागेवर असताना मागून हा दस्त्याचा बोल्ट फिरवला की ते उभं तडकतं. अनेक चांगल्या रायफलींच्या मागच्या भेगा गोळीबारातल्या नसून अशा उघडझापीतल्या आहेत. स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर ही भेग आधी शोधा.

बटप्लेटमधलं छोटं दार उघडा. आत पितळी तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी मिळाली तर ती रायफलीसोबतच ठेवा.

नळी

बोल्ट काढून मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरा, त्यावर टॉर्च मारा आणि पुढून बघा. मग उलट बाजूने. एनफील्डच्या .३०३ नळीत सहसा पाच खाचा डावीकडे वळत जातात. त्यांच्या कडा धारदार दिसल्या पाहिजेत. नळी काळपट असणं आणि नळी खाल्लेली असणं यांत फरक आहे: तेलाची चिंधी पाच-सहा वेळा फिरवल्यावर काळेपणा उतरतो, खड्डे राहतात. आत अंगठीसारखं गडद वर्तुळ दिसलं तर नळी तिथे फुगलेली आहे. आत काही अडकलेलं असताना गोळी सुटली की असं होतं. ती नळी निकालात निघाली.

खड्डे का पडतात? जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतल्या रसायनांतून पोटॅशियम क्लोराइड नळीत राहतं. हे मिठासारखं हवेतला ओलावा ओढतं, आणि ते तेलात विरघळत नाही. म्हणून नुसतं तेल लावून ठेवलेली रायफल आतून गंजते. जुने फौजी नळीत आधी उकळतं पाणी ओतत, मग कोरडी करून तेल देत, ते याचसाठी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या जुन्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' असतं. अशी रिकामी पुंगळी घरात सापडली तर नळी जास्त बारकाईने बघा. जिवंत काडतुसं सापडली आणि परवान्यात त्यांची नोंद नसेल, तर ती परवानाधारक विक्रेत्याच्या किंवा पोलिसांच्या स्वाधीन करा.

मग किंमत

पहिली चाळणी बोअरची. .३०३, ७.६२ आणि .४१० मस्केटला कायदेशीर गिऱ्हाईक म्हणजे त्याच वर्गाचा परवाना असलेली व्यक्ती, आणि असे लोक हाताच्या बोटांवर. म्हणून सगळे नंबर जुळणारी, व्हॉली साइटसकटची १९१२ची मार्क ३ ऐतिहासिकदृष्ट्या अनमोल असूनही तिची विक्री-किंमत साध्या .३१५पेक्षा कमी भरू शकते. ज्यांना हे पटत नाही त्यांची रायफल वर्षानुवर्षं विक्रेत्याच्या ताब्यात पडून राहते आणि जमा ठेवण्याचं भाडं चढत जातं. .२२ची कवायती रायफल, म्हणजे मॅगझीनचा फक्त सांगाडा असलेली नंबर २ मार्क ४ स्टार, प्रतिबंधित बोअरमध्ये येत नाही. लष्करी घडण हवी पण प्रतिबंधित बोअरच्या परवान्याची कटकट नको अशांना ती फार आवडते.

दुसरी चाळणी परत दुरुस्त होणाऱ्या आणि न होणाऱ्या नुकसानाची. कापलेलं लाकूड, गहाळ हँडगार्ड (नळीवरचं लाकडी आवरण), बदललेली साइट हे भाग परिश्रमाने मिळवता येतात. दुर्बिणीसाठी रिसीव्हरला पाडलेली भोकं, तोडलेली नळी, पॉलिश करून गुळगुळीत झालेले शिक्के, नव्याने काळी केलेली पृष्ठभागं यांना परतीचा रस्ता नाही. नव्याने ब्लूइंग केलेली रायफल फोटोत देखणी दिसते, पण शिक्क्यांच्या कडा गोल झालेल्या असतात आणि जाणता गिऱ्हाईक तिथेच बोट ठेवतो.

विक्रेत्याकडून मूल्यांकन घेताना एकाच्या शब्दावर विसंबू नका. दोन ठिकाणी एकच फोटोसंच आणि एकच नंबरांचा तक्ता द्या, म्हणजे दोघे एकाच गोष्टीचा भाव सांगतात. विकायचं ठरलं तर जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. बयाणा घेताना ही मुदत लेखी व्यवहारात धरा.

खाडीची हवा आणि निवडणुकीचा हंगाम

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर हवेत मीठ आहे, आणि जून ते सप्टेंबर ओलावा. गंज पहिल्यांदा दिसतो तो धातू आणि लाकूड यांच्या सांध्यात, हँडगार्डच्या खाली. रेक्झिनचं किंवा कातडी कव्हर, फोम लावलेली पेटी यांत रायफल कायमची ठेवू नका, ती ओल धरून ठेवतात. कुलूपबंद लोखंडी कपाट, आत सिलिका जेल, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला तेलाची हलकी चिंधी पुरे. लाल गंज आलाच तर तेलात भिजवलेल्या चिंधीने मऊ करून काढा. तपकिरी, घट्ट बसलेला जुना थर तसाच ठेवा.

आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येते. तिथे एकाच ठेवणीच्या अनेक रायफली एका रॅकमध्ये उभ्या राहतात आणि बोल्ट बाहेर काढता येणारे असतात. पावतीवर फक्त रायफलीचा नंबर न लिहिता बोल्टचा नंबर आणि मॅगझीन आहे की नाही हेही लिहून घ्या, आणि जमा करण्याच्या दिवशीचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. परत घेताना तिथेच, टेबलावरच, बोल्टच्या मुठीवरचा नंबर पावतीशी ताडून बघा आणि मगच सही करा.